लहान खासगी विद्यापीठातील विद्यार्थीजीवन आतून कसे असते?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सुमारे दीड हजार विद्यार्थी असलेल्या एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळतो आहे. मोठ्या विद्यापीठांत शिकणारे मित्र म्हणतात की एवढ्याशा ठिकाणी चार वर्षे काढताना जीव गुदमरेल, आणि विद्यापीठाचे माहितीपत्रक म्हणते की इथे सगळे एका कुटुंबासारखे राहतात. यांतले खरे काय, आणि विद्यार्थी म्हणून तिथले रोजचे जगणे कसे असते?

अशाच आकाराच्या संस्थेत मी बरीच वर्षे शिकवले आहे आणि विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक म्हणूनही काम केले आहे. पुढे जे लिहीत आहे, त्यातला बराचसा भाग विद्यार्थ्यांनी समोर बसून सांगितलेला आहे. त्यात आनंदाने सांगितलेले जितके आहे, तितकेच रडवेल्या आवाजात सांगितलेलेही आहे.

मित्रांचे म्हणणे आणि माहितीपत्रकातले म्हणणे ही दोन्ही एकाच गोष्टीतून निघतात. लहान विद्यापीठात कोणाच्या नजरेत न येता राहणे शक्य नसते. शिक्षक नावाने ओळखतात, ग्रंथपालाला तुमचा विषय ठाऊक असतो, वसतिगृहातल्या शेजाऱ्याला तुमची परीक्षा कशी गेली हे संध्याकाळपर्यंत कळलेले असते. तिथले जे उत्तम आहे ते या ओळखीमुळे आहे आणि जे जाचक आहे तेही तिच्यामुळेच. म्हणून निर्णय घेताना स्वतःला विचारावयाचा प्रश्न असा की, सतत कोणीतरी ओळखत असणे या वयात मला पेलेल का, आणि त्याचा उपयोग करून घेण्याची माझी तयारी आहे का?

प्रथम वर्गाविषयी लिहितो, कारण फरक सर्वांत आधी तिथे जाणवतो. नऊ-दहा जण टेबलाभोवती बसलेले असतात. एक खुर्ची रिकामी राहिली की ती कोणाची, हे हजेरी न घेताही सर्वांना समजते. नेमून दिलेला मजकूर तीन जणांनी वाचलेला नसेल तर चर्चा पंधरा मिनिटांत थांबते, आणि ती का थांबली हे खोलीतल्या प्रत्येकाला कळते. मागच्या बाकावर बसून सत्र निभावून नेण्याची सवय घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला पहिले काही आठवडे हे फार जड जाते. हुशार, पण अबोल विद्यार्थ्याला तर अधिकच, कारण इथे गप्प राहणे हेही लक्षात येते. अशा विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगत आलो की, वर्गात जाण्यापूर्वी एक प्रश्न कागदावर लिहून न्यावा आणि तो पहिल्या वीस मिनिटांत विचारून टाकावा. एकदा आवाज फुटला की पुढचे सोपे होते.

या पद्धतीचे सर्वांत टोकाचे रूप अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजच्या ट्यूटोरियलमध्ये दिसते. तिथे एका प्राध्यापकासमोर दोनच विद्यार्थी असतात आणि दर आठवड्याला तिघांची भेट होते. एका आठवड्यात एकाने निबंध लिहून आणायचा आणि दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची. पुढच्या आठवड्यात भूमिका बदलतात. प्राध्यापक बराच वेळ ऐकत असतो. स्वतःच्या लेखनावरची टीका समोरासमोर ऐकणे, तिला उत्तर देणे, आणि सात दिवसांनी त्याच व्यक्तीच्या लेखनाविषयी तितक्याच प्रामाणिकपणे व तितक्याच सभ्यतेने बोलणे हे ज्याने एक सत्र केले, त्याची विचार करण्याची रीतच बदलते. तीनशे जणांच्या व्याख्यान-दालनात हे घडवून आणता येत नाही, मग व्याख्याता कितीही थोर असो.

मात्र लहान वर्ग मिळतील असे गृहीत धरण्यापूर्वी आकडे नीट वाचायला शिकले पाहिजे. समजा, एका विभागात दहा वर्ग आहेत. नऊ वर्गांत प्रत्येकी 10 विद्यार्थी आणि एका वर्गात 210. वर्गाची सरासरी संख्या 30 येते आणि माहितीपत्रकात तीच छापली जाते. पण एकूण 300 जागांपैकी 210 जागा, म्हणजे 70 टक्के, त्या एकाच मोठ्या वर्गात आहेत. विद्यार्थ्याच्या बाजूने सरासरी काढली, तर त्याच्या वाट्याला येणारा वर्ग 150 जणांचा ठरतो. शिक्षक-विद्यार्थी गुणोत्तराचेही असेच आहे: जे शिक्षक संशोधनासाठी किंवा प्रशासनासाठी नेमलेले असून वर्गावर क्वचितच येतात, तेही काही ठिकाणी त्यात मोजलेले असतात. म्हणून सरासरी विचारू नये. पहिल्या वर्षाला घ्याव्या लागणाऱ्या सक्तीच्या विषयांत प्रत्यक्ष किती जण बसतात, ते विषयागणिक विचारावे.

आता शिक्षकांशी असलेल्या संबंधाकडे येतो. माझ्या मते लहान विद्यापीठाची खरी कमाई हीच आहे. अमेरिकेत गॅलप ही जनमत-पाहणी करणारी संस्था आणि परड्यू विद्यापीठ यांनी 2014 मध्ये 30,000 हून अधिक पदवीधरांची पाहणी केली. नोकरीत मन लागण्याच्या बाबतीत पदवी सरकारी विद्यापीठाची की ना-नफा खासगी विद्यापीठाची याने फरक पडलेला दिसला नाही. फरक पडला तो अनुभवाने. विषयाची गोडी लावणारा निदान एक शिक्षक, माणूस म्हणून आपली काळजी करणारे शिक्षक, आणि आपल्या स्वप्नांना पाठबळ देणारा एक मार्गदर्शक, असे तिन्ही ज्यांना लाभले होते, त्यांचे कामात मन रमण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. तिन्ही गोष्टी ठामपणे 'होय' म्हणून सांगणारे मात्र 14 टक्केच निघाले. यावरून लहान संस्था आपोआप चांगली ठरते असे मी म्हणणार नाही. तिच्यात असा शिक्षक गाठण्याचे अंतर कमी असते, एवढेच. तेवढे अंतर विद्यार्थ्यालाच चालून जावे लागते.

त्यासाठी काय करावे, हे जरा तपशिलात सांगतो. शिक्षक भेटीसाठी जो वेळ राखून ठेवतात, त्या वेळी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सर्वांची रांग लागते आणि इतर आठवड्यांत खोली रिकामी असते. सत्राच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात जावे. अडचण नसली तरी जावे. वाचलेल्या मजकुरातला एखादा परिच्छेद उघडून 'हे विधान मला पटत नाही' किंवा 'हे उदाहरण या नियमात कसे बसते' असे विचारावे. दहा मिनिटे पुरतात. अशा दोन-तीन भेटींनंतर शिक्षक आपणहून एखादे पुस्तक सुचवतात, प्रयोगशाळेतल्या कामाविषयी सांगतात, सुट्टीतल्या संशोधनासाठी नाव पुढे करतात. पुढे याच शिक्षकांनी लिहिलेले शिफारसपत्र हाती येते, तेव्हा त्यात 'विद्यार्थी मेहनती आहे' असे कोणालाही लागू पडणारे वाक्य नसते. पहिल्या मसुद्यात काय चुकले होते, तो कसा सुधारला आणि टीका कशी स्वीकारली, असे पाहणाऱ्यालाच लिहिता येईल ते त्यात असते. उच्च शिक्षणाच्या प्रवेशसमितीत अशा पत्राचे वजन फार असते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणखी एक लाभ होतो. मोठ्या संशोधन विद्यापीठात उपकरणे उत्तम असतात, पण त्यांच्यापर्यंत आधी पीएच.डी.चे संशोधक पोहोचतात. जिथे पदव्युत्तर विद्यार्थीच नाहीत किंवा थोडे आहेत, तिथे ते काम पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मुलामुलींच्या हाती येते. अमेरिकेतील पोर्टलंडच्या रीड कॉलेजात 1968 पासून एक लहान संशोधन-अणुभट्टी आहे आणि ती चालवणाऱ्यांत पदवीचे विद्यार्थी प्रामुख्याने आहेत. त्यासाठी ते प्रशिक्षण घेतात आणि तिथल्या अणु नियामक आयोगाची परीक्षा देऊन परवाना मिळवतात. हे उदाहरण विरळा आहे हे मान्य, पण त्यामागची रीत साधीच आहे: माणसे थोडी आणि कामे तेवढीच, म्हणून जबाबदारी लवकर अंगावर पडते.

वर्गाबाहेरही हेच घडते आणि यावर जुने, भक्कम संशोधन आहे. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लहानमोठ्या माध्यमिक शाळांचा अभ्यास 1964 मध्ये प्रसिद्ध केला. मोठ्या शाळांत उपक्रम अधिक होते, यात नवल नाही. पण लहान शाळांतले विद्यार्थी प्रत्यक्ष भाग घेण्यात पुढे होते. अधिक प्रकारच्या कामांत ते उतरत आणि महत्त्वाच्या जागा सांभाळत. मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग अभ्यासात मागे असलेल्या विद्यार्थ्यांविषयीचा आहे. मोठ्या शाळेत हे विद्यार्थी कडेला पडलेले होते, तर लहान शाळेत 'मी आलो नाही तर काम अडेल' ही जाणीव त्यांनाही इतरांइतकीच होती. शाळा आणि विद्यापीठ यांत अंतर आहे, तरीही माझा अनुभव याच निष्कर्षाला दुजोरा देतो. नाट्यमंडळाला प्रकाशयोजना करणारे कोणी नसते म्हणून अर्थशास्त्राची विद्यार्थिनी ती शिकते. वार्तापत्राला संपादक हवा असतो म्हणून पहिल्या वर्षाचा लाजरा मुलगा अंक काढू लागतो. ज्यांना एखाद्या कलेत किंवा खेळात आधीच फार वरच्या पातळीचे प्रावीण्य आहे आणि तोडीस तोड सोबती हवे आहेत, त्यांनी मात्र याच कारणासाठी मोठ्या संस्थेचा विचार करावा. इथे त्यांच्या बरोबरीचे कोणी नसण्याची शक्यता बरीच आहे.

आता जाचक बाजू. तिची सुरुवात वेळापत्रकापासून होते, आणि प्रवेश घेताना याकडे कोणीच पाहत नाही. विभागात चार-पाच शिक्षक असतात, त्यामुळे वरच्या पातळीचे अनेक विषय वर्षाआड शिकवले जातात. त्यातला एक शिक्षक संशोधन-रजेवर गेला, की एक शाखाच वर्षभर बंद राहते. एखाद्या पूर्वअटीच्या विषयात, म्हणजे जो उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढचा विषय घेता येत नाही त्यात, नापास झाले, किंवा आजारपणात तो सोडावा लागला, तर तो पुन्हा येईपर्यंत थांबावे लागते आणि पदवी लांबते. शिवाय चारपैकी तीन विषय एकाच शिक्षकाकडे असतील आणि त्या शिक्षकाशी जमत नसेल, तर सुटकेचा मार्ग अरुंद असतो. म्हणून पहिल्याच सत्रात विभागाकडून पुढील दोन-तीन वर्षांचे नियोजित वेळापत्रक मागून घ्यावे, आणि पदवीपासून मागे मोजत आपला आराखडा करावा.

काही संस्थांनी या उणिवेवर शेजाऱ्यांच्या मदतीने तोड काढली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक आणि हॅम्पशायर या खासगी संस्था व तिथले सरकारी विद्यापीठ यांचा संघ 1965 मध्ये औपचारिकपणे स्थापन झाला. एका ठिकाणचा विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणचे विषय घेऊ शकतो. कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँटची महाविद्यालये तर एकमेकांना खेटूनच आहेत आणि त्यांचे ग्रंथालय सामाईक आहे. तुमच्या विद्यापीठाचा असा काही करार आहे का, आणि गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी त्याचा खरोखर लाभ घेतला, हे दोन्ही विचारावे. कागदावरचा करार आणि वेळापत्रकात बसणारा करार यांत पुष्कळ अंतर असते.

दुसरा जाच माणसांचा. पहिले वर्ष नवलाईत जाते. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर, भोजनगृहात ताट हातात घेऊन उभे राहिल्यावर, समोरचा प्रत्येक चेहरा ओळखीचा आहे आणि तरीही कोणाजवळ बसावेसे वाटत नाही, असा एक दिवस येतो. माझ्याकडे विद्यापीठ सोडण्याचा विचार घेऊन आलेल्यांपैकी बरेच जण याच सुमारास आले. मैत्री तुटली किंवा प्रेमसंबंध संपला, तर मोठ्या विद्यापीठात ती व्यक्ती महिनोन्‌महिने दिसत नाही. इथे ती मंगळवारी आणि गुरुवारी वर्गात समोर बसलेली असते, आणि दोघांचे मित्रही तेच असतात. एखाद्याविषयी पहिल्या महिन्यात पसरलेले मत पुसायला वर्ष लागते. जो विद्यार्थी भाषा, रंग, धर्म, शारीरिक अवस्था किंवा आर्थिक परिस्थिती यांमुळे त्या आवारात एकटा-दुकटा पडतो, त्याच्यावर तर अधिक भार असतो, कारण प्रत्येक चर्चेत 'त्यांच्या वतीने' बोलण्याची अपेक्षा त्याच्याकडूनच केली जाते.

विचारांवर होणारा परिणाम याहून सूक्ष्म असतो. मानसशास्त्रज्ञ थिओडोर न्यूकम यांनी 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बेनिंग्टन या नव्याने निघालेल्या, अगदी लहान महिला महाविद्यालयातील विद्यार्थिनींचा अभ्यास केला. बहुतेकींची घरे सुखवस्तू आणि राजकीयदृष्ट्या जुन्या वळणाची होती. शिक्षकवर्ग उदारमतवादी होता. वर्षागणिक विद्यार्थिनींची मते त्या समूहाच्या मतांकडे सरकत गेली, आणि सुमारे पंचवीस वर्षांनी पुन्हा विचारले तेव्हाही बहुतेकींच्या बाबतीत ती टिकून होती. बदल इष्ट होता की अनिष्ट, हा इथे मुद्दा नाही. लहान, घट्ट समूहात मान्यता मिळवण्याची ओढ किती खोलवर काम करते, हे त्यातून दिसते. म्हणून आवाराबाहेर एक तरी पाय असावा असे मी आग्रहाने सांगतो: एखादे स्वयंसेवी काम, अर्धवेळ नोकरी, एखादा खेळाचा गट, जिथे तुम्ही कोणत्या विद्यापीठाचे आहात याने काहीच फरक पडत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडलेला सिद्धान्त याला आणखी एक कारण देतो. नवी माहिती, विशेषतः नोकरीची, जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक येते, कारण जिवलगांना तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक आहे. लहान विद्यापीठात जिवलग पुष्कळ मिळतात आणि तोंडओळखी कमी पडतात. ती उणीव माजी विद्यार्थ्यांनी भरून निघते. ते संख्येने थोडे असले तरी आपल्या संस्थेच्या मुलाच्या पत्राला उत्तर देतात, असे मी वारंवार पाहिले आहे. पत्र लिहिण्याचा संकोच मात्र सोडला पाहिजे.

मनाच्या आरोग्याबाबत एक गोष्ट आधीच विचारून ठेवावी. लहान विद्यापीठात समुपदेशक एक-दोनच असतात, आणि त्यांच्या खोलीकडे जाताना कोणी पाहील या भीतीने अनेक जण जातच नाहीत. बाहेरच्या समुपदेशकाकडे पाठवण्याची किंवा दूरध्वनीवरून बोलण्याची सोय आहे का, त्याचा खर्च कोण उचलते, आणि समुपदेशक दुसऱ्या एखाद्या भूमिकेत, म्हणजे शिक्षक किंवा वसतिगृहप्रमुख म्हणून, तुमच्यासमोर येतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रवेशापूर्वी मिळायला हवीत. ओळखीच्या माणसांनी भरलेल्या जागी एकांत ठरवून राखावा लागतो. ग्रंथालयातला एखादा वरचा मजला, आठवड्यातली एक संध्याकाळ, एकट्याने चालायचा एक रस्ता, काहीही चालेल; पण ते आपले असावे आणि त्याबद्दल कोणाला स्पष्टीकरण देण्याची गरज वाटू नये.

शेवटचा विषय पैशांचा आहे, आणि तो विद्यार्थ्यांनी पालकांवर सोडून देऊ नये. लहान खासगी विद्यापीठाचा गाडा बहुतांशी शुल्कावर चालतो. मोठा निधी पाठीशी नसेल तर लागोपाठ दोन-तीन वर्षे प्रवेश घटले तरी संस्था अडचणीत येते. फिलाडेल्फियातील युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने 31 मे 2024 रोजी बंद होत असल्याचे जाहीर केले आणि 7 जून रोजी ती बंद झाली. हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना ऐन वेळी दुसरीकडे जागा शोधावी लागली. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजही बंद झाले. तिथे दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा होती. उलट व्हर्जिनियातील स्वीट ब्रायर कॉलेज 2015 मध्ये बंद होण्याच्या उंबरठ्यावर होते, पण माजी विद्यार्थिनींनी निधी उभारला, न्यायालयीन लढा दिला आणि ते चालू राहिले. तेव्हा गेल्या पाच वर्षांतली प्रवेशसंख्या, लेखापरीक्षित हिशेब आणि शैक्षणिक मान्यतेची सद्यस्थिती पाहावी. कोणता विभाग अलीकडे बंद केला आणि त्यातल्या विद्यार्थ्यांची सोय कशी लावली, हे विचारावे. शुल्कसवलत मिळत असेल तर ती चारही वर्षे तेवढीच राहील का, आणि शुल्क वाढले तर तीही वाढेल का, याचे उत्तर लेखी घ्यावे. पहिल्या वर्षी मोठी वाटणारी सवलत चौथ्या वर्षी अपुरी पडल्याने कर्जात बुडालेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

विद्यापीठ पाहायला गेलात तर मार्गदर्शक फेरी संपल्यावर लगेच परतू नका. तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी, कोणी अधिकारी जवळ नसताना, बोला. 'आवडते का' असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते. 'गेल्या सत्रात हवा असलेला कोणता विषय मिळाला नाही', 'रविवारी दुपारी इथले लोक काय करतात', 'तुमच्या वर्गातून कोण सोडून गेले आणि का' असे विचारा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान विद्यापीठात प्रत्येकाला ठाऊक असते.

प्रवेश घेतल्यानंतरही मन रमले नाही, तर पूर्ण एक वर्ष थांबून मग ठरवावे. पहिल्या सत्रातले रडू बहुतेकांच्या बाबतीत घर सोडल्याचे असते. मात्र दुसरीकडे जाण्याची शक्यता मनात असेल, तर पहिल्या वर्षी असेच विषय घ्यावेत ज्यांचे श्रेयांक इतर विद्यापीठे सहज मान्य करतात, आणि प्रत्येक विषयाची सविस्तर रूपरेषा व तपासून मिळालेले लेखन जपून ठेवावे. बदलीच्या अर्जासोबत तीच कागदपत्रे मागितली जातात.